मामूंचा हिरवा, अम्मींचा निळा

दहावीच्या उत्तरपत्रिका तपासायला बसलेल्या शिक्षकांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. एकाच उत्तराला एक परीक्षक चार गुण देतो, दुसरा दोन. दोघेही प्रामाणिक असतात. एकाला हस्ताक्षर आवडलेले असते, दुसऱ्याच्या हातात त्या दिवसाची तिसावी उत्तरपत्रिका असते. म्हणून मंडळ नमुना उत्तरे देते, परीक्षकाच्या वर नियामक नेमते आणि त्याच्यावर मुख्य नियामक. तपासणाऱ्याचीही तपासणी व्हायला हवी, यात आमच्या पेशात कुणाला अपमान वाटत नाही.

गेल्या वर्षी आमच्या घरात दोन ऑपरेशने झाली आणि त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही हाच प्रश्न भलत्याच ठिकाणी विचारत राहिलो. ऑपरेशनच्या टेबलावर जो कॅमेरा आतड्यातले रक्त बघतो, त्या कॅमेऱ्याला कोण तपासतो?

आम्ही म्हणजे तीन भावंडे. थोरली आपा, बाकी दोघे शिक्षक. पहिले ऑपरेशन मामूंचे झाले, मुंबईला. मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणावर गाठ निघाली. तिथल्या डॉक्टरांनी मामूंच्या मुलांना सांगितले की सख्ख्या भावंडांनीही तपासणी करून घ्यावी, हा आजार कधीकधी घराण्यात फिरतो. मामूंची सख्खी बहीण म्हणजे आमच्या अम्मी. शौचातून रक्त जात होते, ते त्या मूळव्याध म्हणून वर्षभर अंगावर काढत होत्या. मामूंचा निरोप आला नसता तर अजून वर्षभर काढले असते. पुण्यात दुर्बिणीची तपासणी झाली आणि गुदाशयात गाठ निघाली. आधी पाच आठवडे किरणोपचार, मग थोडी विश्रांती आणि मग ऑपरेशन.

मामूंच्या रुग्णालयाने ऑपरेशनचे चित्रण पेनड्राइव्हवर दिले होते. त्यातला एक तुकडा मामूंच्या मुलाने घरच्या ग्रुपवर टाकला होता. काळ्या पडद्यावर आतडे एकदम पाचूसारखे हिरवेगार उजळते. सगळ्यांनी माशाअल्लाह लिहिले. चार महिन्यांनी अम्मींच्या डॉक्टरांनी आमच्या विनंतीवरून आम्हालाही तसाच तुकडा दिला. त्यात आतडे निळसर होते, कडेला तर जवळजवळ राखाडी. मामूंच्या पोटावर पिशवी नव्हती, अम्मींच्या पोटावर मलाची पिशवी लावलेली होती. दोन चित्रे शेजारी ठेवल्यावर निकाल लावायला कुणाला डॉक्टर व्हावे लागले नाही. मुमानींचा फोन आला, रक्त नीट पोहोचत नाहीये, पुण्यात काहीतरी चुकलेय. चौथ्या दिवशी अम्मींना १०१ ताप आला, तेव्हा आपा म्हणाली, आत्ताच्या आत्ता मुंबईला हलवू.

ज्यांच्या घरात आतड्याचे ऑपरेशन झाले असेल त्यांना चौथ्या-पाचव्या दिवसाची धास्ती सांगायला नको. गाठीचा भाग कापून दोन टोके जोडतात. तो सांधा जर गळला तर मल पोटात पसरतो आणि जिवावर बेतते. सांधा भरून यायला रक्त लागते. म्हणून जोडण्याआधी दोन्ही टोकांना रक्त पोहोचतेय ना, हे बघायचे असते. पूर्वी डॉक्टर आतड्याचा रंग बघत, कापलेल्या कडेतून ताजे रक्त येतेय का ते बघत. आता त्याच्या जोडीला हा रंग आणि हा कॅमेरा आला आहे.

अम्मींचे डॉक्टर तापाचे कळताच आले, सीटी स्कॅन करायला सांगितला आणि मग आमच्यासाठी दहा मिनिटे बसले. आम्ही मोबाईल पुढे केला. त्यांनी दोन्ही चित्रे पाहिली आणि म्हणाले, "ही दोन चित्रे शेजारी ठेवून काहीच ठरत नाही. तुम्ही दोन वेगवेगळ्या दुकानांतल्या काट्यांवर वजन करताय, आणि दोन्ही काट्यांवर आकडे लिहिलेलेच नाहीत." पिशवी का लावली तेही त्यांनी सांगितले. अम्मींची गाठ खूप खाली होती आणि आधी किरणोपचार झाले होते. अशा वेळी सांध्याला आराम मिळावा म्हणून काही महिने वरचा मार्ग बाहेर काढतात. मामूंची गाठ वर होती, त्यांना गरज पडली नाही. कॅमेऱ्यातल्या निळ्या रंगाचा पिशवीशी काही संबंध नव्हता.

स्कॅनमध्ये सांधा सुरक्षित निघाला. ताप छातीतून होता. पडून राहिल्याने फुप्फुसाच्या तळाशी कफ साठला होता. तीन गोळ्यांच्या त्या प्लास्टिकच्या यंत्रातून श्वास आत ओढून ओढून, अल्लाहच्या मेहरबानीने, ताप तीन दिवसांत उतरला. अम्मींना मुंबईला हलवावे लागले नाही. त्या अवस्थेत चार तासांचा प्रवास त्यांना किती महागात पडला असता, याचा विचार आजही नको वाटतो.

पण काट्यावर आकडेच लिहिलेले नाहीत, हे वाक्य डोक्यातून जाईना. अम्मींची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि तळमजल्यावर यंत्रांची देखभाल करणारा विभाग होता. डॉक्टरांच्या ओळखीने आम्ही तिथल्या बायोमेडिकल इंजिनिअरला भेटलो. तिशीतला मुलगा, आम्ही शिक्षक आहोत म्हटल्यावर खुर्ची पुसून बसायला दिली. त्याने सांगितले ते, आणि नंतर आम्ही वाचले ते, इथे मांडतो.

आधी तो रंग. त्याचे नाव इंडोसायनिन ग्रीन. कोडॅक या फोटोच्या फिल्म बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तो जन्मला, छायाचित्रणासाठी. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हृदय मिनिटाला किती रक्त फेकते हे मोजायला तो वापरला गेला आणि १९५९ मध्ये तिथे त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली. म्हणजे रंग आमच्यापेक्षाही वयाने मोठा आहे. शिरेतून दिला की तो रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो, तीन-चार मिनिटांत निम्मा होतो, यकृत त्याला उचलून पित्तात टाकते. त्याची खरी गंमत वेगळीच आहे. त्याच्यावर साधारण ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश टाकला की तो थोड्या अधिक लांबीच्या लहरींचा, ८३० च्या आसपासचा प्रकाश परत फेकतो. याला फ्लुरोसन्स म्हणतात. दुकानदार नोटा तपासायला जो जांभळा दिवा ठेवतो, त्याच्याखाली नोटेतले धागे चमकतात आणि टिनोपॉल लावलेला सफेद झब्बाही चमकतो, तो याच घराण्यातला प्रकार. फरक एवढाच की तिथली चमक डोळ्यांना दिसते. इंडोसायनिनची चमक माणसाच्या डोळ्यांना दिसतच नाही.

मग मामूंच्या चित्रातला पाचूचा हिरवा आला कुठून? तो संगणकाने भरलेला आहे. कॅमेऱ्याला फक्त कमी-जास्त उजेड कळतो. त्या उजेडाला हिरवा द्यायचा, निळा द्यायचा, की कमी उजेडाला निळा आणि जास्तीला लाल असे इंद्रधनुष्य करायचे, हे कंपनी ठरवते. बऱ्याच यंत्रांत डॉक्टरला एक बटण दाबून तो बदलताही येतो. रंगाच्या नावात ग्रीन आहे, पण ते बाटलीतल्या रंगाचे वर्णन आहे. अम्मींचा निळा हा आजाराचा रंग नव्हता, कुणीतरी मेन्यूतून निवडलेला रंग होता.

इथवर आपाची समजूत पटली. पण रंग सोडा, उजेड तर कमी होता ना, हे तिचे म्हणणे होते, आणि ते अगदी बिनतोड होते.

यासाठी आम्ही शाळेत एक प्रयोग केला. तुम्हीही घरी करू शकता, मुलांना फार आवडतो. टीव्हीचा रिमोट घ्या, त्याच्या टोकाला असलेला छोटा दिवा मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. नुसत्या डोळ्यांनी काही दिसत नाही, पण मोबाईलच्या पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकतो. तो अवरक्त प्रकाश. नववीच्या वर्गात सहकाऱ्यांचे पाच मोबाईल ओळीने ठेवून आम्ही हे केले. एका मोबाईलवर ठिपका ठळक दिसला, दोघांवर मिणमिणता, एकावर जवळजवळ नाहीच. पाचव्याची मजा म्हणजे मागच्या कॅमेऱ्यात काही दिसेना आणि पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्यात लख्ख दिसले. रिमोट तोच, बटण तेच, सेलही तेच. मोबाईलवाले फोटोचे रंग बिघडू नयेत म्हणून अवरक्त प्रकाश अडवणारी काच बसवतात, कुणी जाड, कुणी पातळ. एका मुलीने विचारले, मग रिमोट खराब आहे की चांगला, हे कळायचे कसे? आम्ही म्हटले, अगदी हाच प्रश्न आमच्या घरात चालू आहे.

ऑपरेशनच्या कॅमेऱ्यात हा घोळ मोबाईलपेक्षा खूप मोठा आहे, कारण तिथे कॅमेरा स्वतःच उजेडही टाकतो. तो दुप्पट अंतरावर धरला तर आतड्यावर पडणारा उजेड साधारण चौथाईवर येतो. म्हणजे डॉक्टरांच्या मदतनिसाचा हात जरा मागे सरकला तरी चित्र मंदावते, अम्मींचे रक्त होते तेवढेच असते. काही यंत्रे चित्र मंद झाले की आपोआप उजेड वाढवतात, जशी मोबाईलची रात्रीची फोटोची सोय. बघणाऱ्याला बरे वाटते, पण मग मंद आतडेही उजळ दिसू लागते. उजेड पडद्याच्या मध्यभागी जास्त आणि कडेला कमी असतो, त्यामुळे कडेचे आतडे नेहमीच गरीब दिसते. टाकलेला प्रकाश आणि परत येणारा प्रकाश वेगळे करणारी काच थोडी जरी गळकी असली तर रंग नसलेल्या जागीही धुरकट चमक दिसते. ऑपरेशन थिएटरमध्ये जुने हॅलोजन दिवे असतील तर तेही भरपूर अवरक्त प्रकाश ओततात. खिडकीतून ऊन आले तरी तेच. एलईडी दिव्यांचा हा त्रास बराच कमी.

रंगाचीही स्वतःची नाटके आहेत. आम्हाला वाटले होते की जास्त रंग म्हणजे जास्त चमक. काही मर्यादेपर्यंत तसे असते, पण त्यापुढे रंग इतका दाट होतो की तो स्वतःचीच चमक गिळू लागतो. मग जिथे रंग जास्त, तिथे उजेड कमी. शिवाय किती वजनाच्या माणसाला किती रंग दिला, दिल्यानंतर कितव्या सेकंदाला चित्र घेतले, वर चरबीचा थर किती होता, हे सगळे त्या उजेडात मिसळलेले असते. अवरक्त प्रकाश मांसातून काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर आत जाऊन परत येतो, त्याच्या खालचे काही दिसत नाही. आणि आमच्या बाबतीत शेवटची भर व्हॉट्सॲपने घातली होती. चित्रण पाठवताना ते दाबून लहान करते, आणि मामूंचे चित्रण आपाने पूर्ण उजेड केलेल्या मोबाईलवर पाहिले होते, अम्मींचे रुग्णालयाच्या अंधाऱ्या व्हरांड्यात बॅटरी वाचवणाऱ्या मोबाईलवर.

मग डॉक्टर ठरवतात कशावर? हे आम्ही त्यांना नंतर विचारले. ते म्हणाले, दोन रुग्णांची तुलना ते कधीच करत नाहीत. एकाच चित्रात, एकाच अंतरावरून, चांगले आतडे आणि कापायची जागा शेजारी शेजारी बघतात आणि रंग दिल्यापासून ती जागा किती सेकंदांत उजळली ते बघतात. अम्मींच्या वेळी ठरवलेल्या जागेची कड उशिरा उजळली म्हणून त्यांनी आतडे आणखी तीन सेंटिमीटर वर कापले. आमच्या चित्रात जो राखाडी भाग होता, तोच तो. तो आता अम्मींच्या पोटात नाहीच. हे ऐकल्यावर आपा बराच वेळ गप्प बसली. ज्या तुकड्यावरून आम्ही डॉक्टरांवर शंका घेतली, तोच त्यांनी काढून टाकलेला होता.

तरीही आम्हाला एक गोष्ट खटकली आणि डॉक्टरांनीही ती मान्य केली. उशिरा म्हणजे किती उशिरा, मंद म्हणजे किती मंद, याचा सगळ्यांनी मानलेला आकडा नाही. निर्णय शेवटी नजरेचा. २०२१ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३४७ रुग्ण होते, अम्मींसारखीच खालची ऑपरेशने. कॅमेरा वापरला त्या गटात ९ टक्के सांधे गळले, न वापरलेल्या गटात ९.६ टक्के. म्हणजे जवळजवळ काहीच फरक नाही. पुरेसे रुग्ण मिळेनात म्हणून तो अभ्यास ठरल्यापेक्षा आधी थांबवावा लागला होता. २०२३ मध्ये जपानचा अभ्यास आला, आठशेहून जास्त रुग्णांचा. तिथे कॅमेऱ्याच्या गटात ७.६ टक्के आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के. हा फरक लहान नाही. शंभर अम्मींमागे चार अम्मी. दोन्हीकडच्या निकालांत फरक का पडला याची कारणे अनेक असू शकतात, रुग्ण वेगळे, शस्त्रक्रियेच्या पद्धती वेगळ्या, संख्या वेगळी. पण ज्या मोजपट्टीने मोजले ती दोन्हीकडे सारखी होती का, हे आधी विचारावे असे आम्हाला वाटते. नमुना उत्तर न देता दोन केंद्रांवर उत्तरपत्रिका तपासल्या आणि नंतर कोणत्या केंद्रातली मुले हुशार यावर वाद घातला, तर तो वाद कधी संपेल?

वैद्यकातले नमुना उत्तर म्हणजे एक ठोकळा. इंग्रजीत त्याला फॅन्टम म्हणतात, आपण नकली मांस म्हणू. सुरुवातीला लोक ते जिलेटिन, दुधासारखे पांढरे चरबीचे सलाइन आणि थोडे रक्त मिसळून करत. दिसायला आणि प्रकाश पसरवायला ते मांसासारखे वागते, पण दोन दिवसांत खराब होते. इंजिनिअरने आमच्यासमोर कपाट उघडून एक सिरिंज दाखवली. ऑपरेशननंतर उरलेला रंग पातळ करून, ठरावीक अंतरावर धरून, तो कॅमेरा बघायचा प्रयत्न करत होता. "पण सर, हा रंग पाण्यात कालवला की काही तासांत उतरतो. आजचा आकडा उद्याच्या आकड्याशी जुळत नाही. कॅमेरा बिघडला की रंग, तेच कळत नाही." त्याची धडपड पाहून आम्हाला आमच्या प्रयोगशाळेतले, स्वतः बाटल्या धुऊन मुलांना प्रयोग दाखवणारे सहकारी आठवले.

म्हणून आता घट्ट ठोकळे करतात. राळेसारख्या प्लास्टिकमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड मिसळतात, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच पूड. त्यामुळे प्रकाश मांसात पसरतो तसा त्यात पसरतो. रक्त जेवढा प्रकाश शोषते तेवढा शोषायला काळसर रंगद्रव्य घालतात. मग त्यात छोटे खड्डे, प्रत्येकात चमकणारा पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात, सर्वांत दाट खड्ड्यापेक्षा सर्वांत पातळ खड्डा शेकडो पट फिका. कॅमेऱ्याला कितवा खड्डा दिसेनासा होतो, ते लिहून ठेवायचे. दुसऱ्या पट्टीवर सारख्याच दाट खड्ड्यांवर वाढत्या जाडीचा थर, म्हणजे किती खोलवरचे दिसते ते कळते. तिसरीवर बारीक होत जाणाऱ्या रेघांचे तिहेरी जोड, चष्म्याच्या दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यासारखे. चौथी नुसतीच सपाट, मध्यभागी आणि कडेला उजेड सारखा येतो का ते बघायला. हाच ठोकळा मुंबईच्या कॅमेऱ्याखाली ठेवला आणि पुण्याच्याही, तर दोन चित्रे पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने शेजारी ठेवता येतील. आणि पुण्याच्याच कॅमेऱ्याखाली जानेवारीत आणि जूनमध्ये ठेवला तर त्याचा दिवा म्हातारा होतोय का ते कळेल. आम्हाला दुसरा उपयोग जास्त मोलाचा वाटतो.

जर्मनीत म्युनिचला, अमेरिकेत ह्यूस्टनला आणि डार्टमथला अनेक वर्षे या ठोकळ्यांवर काम झाले. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने एक गट नेमला आणि अशा कॅमेऱ्यांची परीक्षा कशी घ्यावी याचे मार्गदर्शन २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. रंगाला परवानगी १९५९ मध्ये, कॅमेऱ्याच्या परीक्षेचे मार्गदर्शन २०२४ मध्ये. मधल्या काळात जगभर किती ऑपरेशने या चमकेवर झाली असतील.

आतड्याच्या बाबतीत निदान डॉक्टरांचा अनुभवी डोळा जोडीला असतो, शेजारची चांगली जागा तुलनेला असते. आता नवे रंग येत आहेत, ते थेट कर्करोगाच्या पेशींनाच चिकटतात. अंडाशयाच्या कर्करोगासाठी असा एक रंग अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झाला. तिथे डॉक्टर चमकणारे कण शोधून काढतात. अशा वेळी कॅमेरा कमजोर असेल तर? बारीक गाठ मंद चमकते, कॅमेऱ्याला दिसत नाही, पडदा काळा राहतो आणि खोलीतल्या सगळ्यांना वाटते की सगळे निघाले. पडदा काळा आहे म्हणजे आत काही नाही, असे होत नाही. कुणाच्या तरी आईच्या पोटात ती गाठ राहून जाईल.

थोडे विषयांतर करतो. कोरोनाच्या काळात आपल्या मोहल्ल्यात एका घरातून दुसऱ्या घरात फिरणारा ऑक्सिमीटर आठवत असेल. बोटाला लावायचा तो चिमटाही प्रकाशावरच चालतो. २०२० मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये तो चिमटा ऑक्सिजन ठीक असल्याचे सांगत असताना प्रत्यक्षात रक्तात तो कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा जवळजवळ तिप्पट होते. आतड्याला कातडीसारखा रंग नसतो, त्यामुळे अम्मींच्या बाबतीत हा प्रश्न आला नाही. अवरक्त प्रकाशाला कातडीचा रंग तुलनेने कमी अडवतोही. पण मधुमेही पायाचा रक्तपुरवठा जेव्हा कातडीतून असाच कॅमेरा लावून बघतात, तेव्हा ठोकळे नुसते गोऱ्या मांसाचे असून चालणार नाहीत, सावळ्याचेही हवेत. आमच्याच घरात दुधासारखी गोरी आपा आहे आणि अब्बूंवर गेलेला आमचा भाऊ आहे.

इंजिनिअरला आम्ही सरळ विचारले, मग तुमच्याकडे हा ठोकळा आहे का? नव्हता. कंपनीचा माणूस वर्षातून एकदा येतो, दिव्याचे तास बघतो, पंखा साफ करतो, केबल तपासतो, सही करून जातो. काम मन लावून करतो, पण कॅमेऱ्यासमोर ओळखीची वस्तू ठेवून आकडा कुणी लिहीत नाही. त्याच तळमजल्यावर एक्स-रेचा विभाग आहे. तिथे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, ठरावीक काळाने यंत्राची गुणवत्ता तपासावी लागते आणि त्याची कागदपत्रे ठेवावी लागतात. चमकेच्या कॅमेऱ्यातून तसे घातक किरण निघत नाहीत, म्हणून तो त्या नियमात बसत नाही. बाहेर रस्त्यावर भाजीवाल्याच्या काट्यावरसुद्धा वजनमापे खात्याचा शिक्का असतो. आम्ही तिथे उभे राहून कांदे घेतले तेव्हा शिक्का बघितला, मुदतीतला होता.

आम्हाला कुणावर बोट ठेवायचे नाही. अम्मींच्या डॉक्टरांनी दहा मिनिटे दिली, मुंबईच्या डॉक्टरांच्या एका वाक्यामुळे अम्मींचा आजार वेळेत सापडला. पण लाखो रुपयांचे यंत्र घेणाऱ्या रुग्णालयाने त्याच्यासोबत तपासणीचा ठोकळा मागायला हवा आणि विकणाऱ्याने तो आपणहून द्यायला हवा, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. रुग्णाच्या घरच्यांनी हे विचारणे उद्धटपणा नाही. सोनाराला आपण विचारतोच.

ज्यांच्या घरी असे ऑपरेशन ठरले असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. या रंगात आयोडीनचा क्षार असतो, तेव्हा आयोडीनची किंवा पूर्वी स्कॅनच्या वेळी दिलेल्या औषधाची ॲलर्जी झाली असेल तर आधीच सांगा. चित्रण मिळाले तर त्यासोबत रंग किती दिला आणि कोणत्या कॅमेऱ्याने बघितले एवढे लिहून घ्या, पुढे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचे झाले तर उपयोगी पडते. आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेल्या चित्राशी आपल्या माणसाचे चित्र ताडून बघू नका. सख्खे बहीण-भाऊ असले तरी नको.

अम्मी आता घरी आहेत. पिशवीची सवय व्हायला वेळ लागला. पहिले काही दिवस त्या बिछान्यावरून उठायलाच तयार नव्हत्या, नमाज कशी पढू म्हणून रडायच्या, मग हळूहळू सावरल्या. पुढच्या महिन्यात सांध्याची तपासणी आहे आणि सगळे ठीक असेल तर पिशवी काढायचे ऑपरेशन होईल, इन्शाअल्लाह. मागच्या आठवड्यात पट्टी बदलायला गेलो तेव्हा इंजिनिअर जिन्यात भेटला. त्याने व्यवस्थापनाकडे ठोकळ्यासाठी अर्ज दिला आहे, सोबत डॉक्टरांचेही पत्र जोडले आहे. मंजुरी अजून आलेली नाही. तोपर्यंत, तो म्हणाला, तो रोज सकाळी थिएटरचे दिवे मालवून कॅमेऱ्यासमोर काळा पुठ्ठा धरतो आणि पडदा पूर्ण काळा राहतो ना, एवढे तरी बघून वहीत लिहून ठेवतो.